खळाळत्या पाण्याचा धडा

स्वयंपाकघरातल्या नळाची तोटी अगदी थोडी सोडा. पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी उतरते. इतकी नितळ, की ती वाहते आहे की थांबली आहे हे चटकन कळू नये. आता तोटी आणखी फिरवा. धार खडबडीत होते, तिला पीळ पडतात, आवाज होऊ लागतो. देवापुढच्या उदबत्तीच्या धुराचेही असेच. खोलीतली हवा स्तब्ध असली तर धूर वीतभर सरळ चढतो आणि मग एकाएकी त्याची गुंतवळ होते. पाणी तेच, धूर तोच. मग मध्येच हे झाले तरी काय?

शास्त्राने या दोन अवस्थांना दोन नावे दिली आहेत. पहिला तो स्तरीय प्रवाह, म्हणजे थराथरांनी, एकमेकांच्या वाटेत न येता वाहणारा. दुसरा तो संक्षोभी प्रवाह. आपल्या साध्या बोलीत खळाळ. निसर्गात आणि कारखान्यात पाहावे तर हा दुसराच प्रकार जिकडेतिकडे. पुराची नदी, पावसाळी वारा, विमानाच्या पंखावरची हवा, गावाला पाणी पुरवणारा मोठा नळ, मोटारीच्या इंजिनात पेट घेणारा वायू, सगळीकडे खळाळच. तेव्हा ज्याला पंप, पूल, विमान किंवा धरण यांच्याशी आयुष्यभर काम आहे, त्या इंजिनियरला हा विषय शिकल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि इथेच शिकवणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. पाण्याच्या आणि हवेच्या गतीची मूळ समीकरणे फ्रान्सच्या नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि केंब्रिजच्या स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडली. ती बरोबर आहेत याबद्दल इंजिनियरांना शंका नाही. पण खळाळत्या प्रवाहासाठी ती कागदावर सोडवून पुरते उत्तर काढणे आजवर कोणाला साधलेले नाही. इतर विषयांत गुरूला उत्तर ठाऊक असते आणि शिष्याला नसते. इथे दोघेही एकाच बाकावर! मग वर्गात उभे राहून सांगायचे काय? गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळ्या गुरूंनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली, त्यांची हकीकत आपल्यापुढे ठेवावी असा माझा विचार आहे.

ही हकीकत मँचेस्टरला सुरू होते. तिथल्या ओवेन्स कॉलेजात १८६८ साली ऑस्बर्न रेनल्ड्स हे पंचविशीतले गृहस्थ इंजिनियरिंगचे प्राध्यापक म्हणून आले. आधी कारखान्यात हात काळे करून मग केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस. त्यांच्या वर्गात बसलेला एक मुलगा पुढे जगप्रसिद्ध झाला: १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन. टॉमसननी म्हातारपणी, १९३६ मध्ये, आपल्या आठवणी लिहिल्या; त्यांत या गुरूचे मोठे गमतीदार चित्र आहे. रेनल्ड्स व्याख्यान आहे हेच विसरत. दहा मिनिटे वाट पाहून मुले शिपायाला पाठवत. मग साहेब झगा अंगावर चढवीत धावत येणार, टेबलावरचे रँकिन यांचे पुस्तक कुठेतरी उघडणार, त्यातले एखादे सूत्र पाहून हे चूक आहे म्हणून जाहीर करणार आणि फळ्याकडे वळणार. वर्गाकडे पाठ, तोंडाने स्वतःशीच पुटपुटणे चालू. लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. तास संपता संपता एखादी मांडणी पुसली न जाता टिके. आणि तिच्यावरून सिद्ध काय होई, तर रँकिन यांचेच बरोबर होते!

परीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर असला वर्ग म्हणजे आपत्तीच. पण टॉमसनसारख्या विद्यार्थ्याला त्या फळ्यावर एक गोष्ट दिसली, जी छापील पुस्तकात दिसत नाही. सूत्र हे कोणीतरी काढलेले असते, ते तपासता येते, ते चुकूही शकते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

याच रेनल्ड्सनी १८८३ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यावाचून खळाळाचा वर्ग आजही सुरू होत नाही. काचेच्या भिंतींची पाण्याने भरलेली एक पेटी. तिच्यात आडवी ठेवलेली काचेची नळी. नळीच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार. पाणी हळू सोडले की रंगाची रेघ नळीभर सुतासारखी सरळ जाते. वेग वाढवत नेला की एका क्षणी ती रेघ थरथरते आणि पुढे सगळी नळीच रंगून जाते. आणि विजेच्या ठिणगीच्या क्षणभराच्या उजेडात पाहिले, तर तो रंगाचा गदळ सुटून त्यात स्वच्छ वेगळे वेगळे भोवरे दिसतात. डोळ्याला जी नुसती कालवाकालव वाटली, तिच्यातही आकृती होत्या.

रेनल्ड्सनी दाखवले, की हा बदल एका संख्येवर अवलंबून असतो. वेग, नळीचा व्यास आणि घनता यांचा गुणाकार करा आणि त्याला श्यानतेने, म्हणजे द्रवाच्या अंगच्या चिकटपणाने, भागा. जी संख्या येईल तिला पुढे, १९०८ मध्ये, झोमरफेल्ड यांनी रेनल्ड्सचे नाव दिले. नळीत ही संख्या सुमारे दोन हजारांच्या खाली असली तर ढवळलेले पाणीही पुन्हा शांत होते. घरच्या अर्ध्या इंची नळाचा हिशेब करून पाहा: पाण्याचा वेग सेकंदाला साधारण पंधरा सेंटिमीटर झाला की ही मर्यादा येते. म्हणजे लिटरभर भांडे भरायला जवळजवळ मिनिट लागेल, इतकी संथ धार. त्याहून जास्त तोटी सोडली की नळाच्या आत खळाळाची वाट मोकळी झालीच म्हणून समजा.

पण गंमत अशी, की वरची मर्यादा पक्की नाही. फार जपून, पाणी अगदी स्थिर ठेवून प्रयोग केला तेव्हा रेनल्ड्सना सुमारे तेरा हजारांपर्यंत रेघ सरळ ठेवता आली. ती मूळ उपकरणे मँचेस्टर विद्यापीठाने जपून ठेवली आहेत. जवळजवळ शंभर वर्षांनी तिथल्याच मंडळींनी त्याच नळीत तोच प्रयोग करून छायाचित्रे घेतली, तेव्हा ती रेघ आधीच मोडू लागली. कारण काय? रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींची धडधड! शंभर वर्षांत पाण्याचे नियम बदलले नव्हते. शहर बदलले होते. प्रवाहाला बाहेरचा धक्का किती लागतो यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात, हे विद्यार्थ्याला पटवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

रेनल्ड्सचे दुसरे काम १८९५ चे. ते दिसायला साधे आणि पचायला जड आहे. त्यांनी म्हटले, खळाळात प्रत्येक क्षणाचा वेग कोण मोजत बसणार? आपण सरासरी वेग घेऊ आणि त्याचीच समीकरणे लिहू. पण सरासरी घेताना एक शिल्लक मागे उरते. ती कशी, ते आकड्यांत पाहा. २ आणि ४ यांची सरासरी ३. तिचा वर्ग ९. आता उलट करा. २ चा वर्ग ४, ४ चा वर्ग १६. या दोन वर्गांची सरासरी १०. नऊ आणि दहा यांत एकाचा फरक पडला. हा जो एक, तोच साऱ्या खळाळाचा मर्मबिंदू. वेगातल्या चढउतारांमुळे तो उरतो, आणि सरासरीवरून त्याचा पत्ता लागत नाही.

मूळ समीकरणे चार आणि अज्ञात राशीही चार: वेगाचे तीन घटक आणि दाब. सरासरी घेतली की अशा सहा नव्या शिलका येऊन बसतात. त्या सहांसाठी नवी समीकरणे लिहावीत, तर त्यांच्यातून तिहेरी गुणाकारांच्या आणखी दहा अज्ञात राशी निघतात, आणि इतर राशी वेगळ्याच. रक्तबीजाच्या गोष्टीसारखाच हा प्रकार. कुठेतरी थांबून अंदाजाने ही साखळी तोडावी लागते. खळाळावरचे सारे इंजिनियरिंग म्हणजे ती कुठे आणि कशी तोडायची याचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

हा लेख रॉयल सोसायटीकडे गेला तेव्हा तो तपासायला स्टोक्स आणि होरेस लँब यांच्याकडे आला. लँब म्हणजे द्रवगतीच्या गणितातले मोठे अधिकारी, आणि मँचेस्टरला रेनल्ड्सचेच सहकारी. तरीही लेख त्यांना दुर्बोध वाटला. लेखकाची योग्यता पाहून तो छापावा, असा त्यांच्या अभिप्रायाचा रोख होता. जो लेख लँबसारख्याला जड गेला, तो आज पदव्युत्तर वर्गात पहिल्या आठवड्यातच फळ्यावर येतो. मुले तो उतरवून घेतात. समजला असे मात्र किती जणांना म्हणता येईल, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

आता आपण जर्मनीत जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाण्याच्या शास्त्राची दोन घरे झाली होती. गणिती मंडळी चिकटपणा नसलेल्या आदर्श पाण्याची सुंदर समीकरणे सोडवत. कालवे आणि नळ बांधणारी मंडळी मोजमापे घेऊन आपापली कोष्टके करत. दोन्ही घरांचा रोटीबेटीव्यवहार नव्हता. तो घडवून आणला लुडविग प्रांट्ल यांनी. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितपरिषदेत त्यांनी सांगितले, की चिकटपणाचा सारा प्रताप भिंतीलगतच्या एका पातळ थरात चालतो. हाच तो सीमास्तर. ही कल्पना पटवायला त्यांच्याजवळ होते काय, तर हाताने चाक फिरवून पाणी खेळवायचा एक साधा हौद आणि त्यातल्या प्रवाहाची छायाचित्रे.

त्याच वर्षी ते ग्योटिंगेनला आले आणि तिथे त्यांची जी शाळा जमली, तिच्यातून ब्लासियस, कार्मान, श्लिश्टिंग, निकुराड्झे अशी माणसे निघाली. प्रांट्ल वक्ते म्हणून फर्डे नव्हते. प्रत्येक विधानाला पुस्ती जोडल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि त्यामुळे व्याख्यान कंटाळवाणे होई, अशी त्यांच्याविषयी आठवण सांगतात. मला विचाराल तर खळाळाच्या विषयात हा दोष नव्हेच. जिथे विधान अर्धेच खरे आहे, तिथे पुस्ती जोडणे हाच प्रामाणिकपणा.

त्यांची खरी शिकवणी प्रयोगशाळेत चाले. १९१२ च्या सुमारास एक घोटाळा झाला होता. पॅरिसचा मनोरा बांधणारे आयफेल हे उतारवयात हवेच्या अवरोधाचे प्रयोग करत असत. गोल चेंडूला हवेचा होणारा अवरोध त्यांनी मोजला, तर तो ग्योटिंगेनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी! कोणाचे चुकले? १९१४ साली प्रांट्लनी चेंडूभोवती एक बारीक तारेचे कडे बसवले. तारेने सीमास्तर मुद्दाम खळाळता केला आणि त्यांच्याही बोगद्यात अवरोध एकदम उतरला. दोघांचेही बरोबर होते. सीमास्तर खळाळता झाला की तो चेंडूला अधिक दूरवर चिकटून राहतो आणि मागची पोकळी लहान होते. क्रिकेटच्या चेंडूची शिवण हेच काम करते. ती एका बाजूचा सीमास्तर लवकर ढवळते, दुसऱ्या बाजूचा ढवळत नाही, म्हणून नवा चेंडू हवेत वळतो. तारेचे एवढेसे कडे, पण ते विद्यार्थ्याला जे शिकवते ते दहा पानी गणिताला शिकवता येत नाही.

१९२५ साली प्रांट्लनी रेनल्ड्सच्या त्या शिलकेवर एक तोडगा सुचवला. खळाळात पाण्याचे गोळे एका थरातून दुसऱ्या थरात जातात आणि आपला वेग बरोबर घेऊन जातात. जत्रेत संथ चालणाऱ्या रांगेतला माणूस शेजारच्या घाईच्या रांगेत घुसला की ती रांग मंदावते; तसेच हे. असा गोळा मिसळून जाण्याआधी किती अंतर जातो, ती मिश्रणलांबी. तिच्या आधाराने हिशेब पुरा होतो. पुढे १९३० मध्ये कार्मान यांनी आपल्या या गुरूशी चुरस करून, भिंतीपासून दूर जाताना सरासरी वेग लॉगरिथमच्या नियमाने वाढतो हे मांडले. निकुराड्झेंनी नळांच्या आत चाळून घेतलेले वाळूचे कण चिकटवून खडबडीतपणाचा परिणाम मोजला आणि १९३३ साली प्रसिद्ध केला. नळयोजना आखणारे इंजिनियर ज्या आलेखावरून घर्षण काढतात, तो मूडी यांचा १९४४ चा आलेख याच परंपरेतला.

या शाळेशी आपला थेट धागा आहे. विष्णु माधव घाटगे हे मराठी गृहस्थ १९३० च्या दशकात ग्योटिंगेनला जाऊन प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टर झाले. परत येऊन ते बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले, आणि १९५१ साली उडालेल्या एच-टी-२ या पहिल्या भारतीय बनावटीच्या शिकाऊ विमानाच्या आखणीचे प्रमुख झाले. विद्या कुठून कुठे पोचते पाहा! ग्योटिंगेनच्या हौदातले पाणी बंगलोरच्या विमानाच्या पंखाखाली आले.

मात्र त्याच ग्योटिंगेनचे दुसरे चित्रही सांगितले पाहिजे. १९३३ साली नाझी सत्ता आली आणि ज्यू प्राध्यापकांना तिथून हुसकावण्यात आले. गणिताचे ते माहेरघर ओस पडले. ज्यू कुळातले कार्मान आधीच अमेरिकेत स्थिरावले होते. प्रांट्ल राहिले. त्यांच्या संस्थेला विमानखात्याचा पैसा मिळाला, आणि युद्धात ती राबली. १९३८ मध्ये हायझेनबर्गवर राज्यकर्त्यांचा रोष झाला तेव्हा प्रांट्लनी त्यांची बाजू घेऊन हिमलरला लिहिले, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि इतिहास वाचणाऱ्याने त्या दोन्ही ठाऊक करून घ्याव्यात.

हायझेनबर्गचे नाव आलेच आहे, तर सांगतो. पुंजसिद्धान्ताचा हा प्रणेता डॉक्टर झाला तो खळाळाच्या जोरावर! गुरू झोमरफेल्ड यांनी त्यांना स्तरीय प्रवाह केव्हा मोडतो हा प्रश्न दिला होता. १९२३ च्या तोंडी परीक्षेत त्यांनी प्रयोगाच्या साध्या प्रश्नांना अशी उत्तरे दिली, की परीक्षक वीन त्यांना नापासच करणार होते. गुरूंमुळे ते कसेबसे तरले. पुढे १९४५ साली इंग्लंडात नजरकैदेत असताना हायझेनबर्ग आणि त्यांचे स्नेही व्हाइत्सेकर पुन्हा याच विषयाकडे वळले.

पण ते ज्या निष्कर्षाला पोचले, तिथे एक रशियन आधीच पोचला होता. तो शोध समजायला थोडे मागे जाऊ. १९२२ साली इंग्लंडचे हवामानशास्त्रज्ञ रिचर्डसन यांनी कल्पना मांडली, की मोठा भोवरा मोडून लहान होतात, लहान मोडून त्याहून लहान, आणि शेवटी चिकटपणा त्यांची ऊर्जा गिळून उष्णता करतो. शंभराची नोट मोडावी, मग दहाच्या नोटा मोडाव्यात, आणि शेवटी चिल्लर हातोहात खर्च होऊन जावी, तशीच ही तऱ्हा. १९४१ साली मॉस्कोच्या कोल्मोगोरोव्ह यांनी या मोडीचा नियमच काढला. त्यांचे म्हणणे असे, की पुरेसे लहान भोवरे आपले मूळ विसरतात. ते नदीतून आले की झंझावातातून, याला मग महत्त्व उरत नाही. त्यांना फक्त एवढेच ठाऊक असते, की वरून ऊर्जा किती वेगाने येते आहे. एवढ्या एका गृहीतावरून निघते, की भोवऱ्यांच्या आकारानुसार ऊर्जेची वाटणी पाच-तृतीयांश या घातांकाने होते.

ते वर्ष युद्धाचे. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या होत्या. हे चार-चार पानांचे लेख कोण वाचणार? १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून केंब्रिजला आलेल्या जॉर्ज बॅचलर या पंचविशीतल्या विद्यार्थ्याला सोव्हिएत अकादमीच्या इंग्रजी अंकांत ते सापडले. १९४६ साली पॅरिसच्या परिषदेत त्याने ते पाश्चात्त्यांना समजावून सांगितले. त्याचे गुरू जी. आय. टेलर १९२३ पासून रॉयल सोसायटीचे संशोधन-प्राध्यापक. वर्ग घेण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती. १९३५ साली त्यांनी खळाळाला संख्याशास्त्राच्या वाटेवर आणले. ती वाट विद्यार्थ्यांसाठी सडक केली बॅचलर यांच्या १९५३ च्या आणि त्यांचे सहकारी टाउनझेंड यांच्या १९५६ च्या पुस्तकाने. शोध लावणारा एक आणि तो वर्गात आणणारा दुसरा, असे इथे झाले. दुसऱ्याचे श्रेय आपण फार लवकर विसरतो.

कोल्मोगोरोव्हचा नियम पारखायला प्रचंड खळाळ हवा होता. प्रयोगशाळेत तो मिळेना. केंब्रिजलाच शिकलेले कॅनडाचे आर. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, भरती-ओहोटीने धो धो वाहणाऱ्या खाडीत उपकरणे बुडवली आणि पाच-तृतीयांशाची रेघ लांबपर्यंत जुळते हे दाखवले. १९६१ साली मार्सेयच्या सभेत हे सांगितले गेले तेव्हा टेलर, कार्मान आणि स्वतः कोल्मोगोरोव्ह तिथे हजर होते. आणि कोल्मोगोरोव्हनी तिथे काय करावे? आपला सिद्धान्त खरा ठरल्याचे ऐकत असतानाच त्यांनी लांडाउ यांचा जुना आक्षेप ध्यानात घेऊन त्याच सिद्धान्तात दुरुस्ती सुचवली! हा प्रसंग प्रत्येक वर्गात सांगावा अशा योग्यतेचा आहे.

याच स्ट्यूअर्टनी पुढे शिकवण्याच्या कामात मोठी भर घातली. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेत शास्त्रशिक्षणाची जी घाई सुरू झाली, तिच्यातून एम. आय. टी. चे प्राध्यापक शॅपिरो यांनी द्रवगतीवर बोलपटांची मालिका करायला घेतली. त्यांतला खळाळावरचा बोलपट स्ट्यूअर्ट यांचा. त्यात शिक्षक पडद्यावर समोर उभा राहतो आणि बोलता बोलता पाणीच दाखवतो. ज्या कॉलेजात वातबोगदा नाही, काचेचा हौद नाही, तिथल्या मुलांनाही यामुळे रेनल्ड्सची रेघ मोडताना पाहता आली. हे बोलपट पुढे एम. आय. टी. ने सर्वांना फुकट खुले केले.

१९७२ साली टेनेकेस आणि लमली यांचे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात खळाळाची व्याख्या न करता त्याची लक्षणे दिली आहेत: अनियमितपणा, भराभर मिसळणे, रेनल्ड्सची संख्या मोठी असणे, तिन्ही दिशांनी भोवरे, आणि ऊर्जेचा सतत व्यय. वैद्य जसा नाडी, जीभ आणि डोळे पाहून रोग ओळखतो, तसेच हे. व्याख्या पाठ करून येणाऱ्या मुलांना हे प्रथम चुकचुकल्यासारखे वाटते. पण पुस्तक त्यांना जी सवय लावते ती मोलाची: गणिताला हात घालण्यापूर्वी, हा भोवरा केवढा, किती वेळ टिकेल, किती ऊर्जा खाईल, याचा अंदाज बांधायचा.

आपल्याकडे या विषयाची पदव्युत्तर परंपरा रुजली ती मुख्यतः बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. सतीश धवन कॅल्टेकमध्ये लीपमन यांच्या हाताखाली डॉक्टर होऊन १९५१ साली तिथे आले. पृष्ठभागावरचे हवेचे घर्षण प्रत्यक्ष मोजणे हा त्यांचा हातखंडा. पुढे अंतराळ-कार्यक्रमाचे नेते म्हणून त्यांचे नाव घरोघर झाले, पण आधी ते शिक्षक होते. त्यांचे शिष्य रोद्दम नरसिंह. स्तरीय प्रवाह खळाळता होताना मध्ये एक असा पट्टा असतो, की तिथे प्रवाह क्षणात शांत, क्षणात क्षुब्ध. खळाळाचे ठिपके उमटतात, पसरतात आणि एकमेकांत मिळून जातात. हे ठिपके जिथे तिथे न जन्मता एका अरुंद पट्टीतच जन्मतात, असे नरसिंहांनी १९५७ साली, चोविशीत, मांडले. १९५८ मध्ये धवन आणि नरसिंह यांचा या पट्ट्यावरचा लेख बॅचलर यांच्याच नियतकालिकात आला. उलटी वाट, म्हणजे खळाळलेला प्रवाह पुन्हा शांत कसा होतो, हेही नरसिंह आणि त्यांचे शिष्य श्रीनिवासन यांनी पुढे तपासले. बंगलोरला त्या वेळी उपकरणे मोठी महाग नव्हती. पण गुरू शिष्याबरोबर बोगद्यापाशी उभा राहत असे.

आता गणकयंत्राचा काळ. १९७२ मध्ये जोन्स आणि लाँडर यांनी, आणि १९७४ मध्ये लाँडर आणि स्पॉल्डिंग यांनी, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात एक नमुना मांडला. त्यात रेनल्ड्सची साखळी दोन जादा समीकरणांनी आणि पाच स्थिरांकांनी तोडली आहे. जगभरच्या कारखान्यांत तो वापरला जातो. दुसरीकडे १९८७ साली किम, मोइन आणि मोझर यांनी काहीही अंदाज न करता मूळ समीकरणेच यंत्राकडून सोडवून घेतली. एका साध्या सपाट मार्गातल्या, तेही मंद, प्रवाहासाठी त्यांना सुमारे चाळीस लाख बिंदू लागले. रेनल्ड्सची संख्या दसपट करा, की बिंदू पावणेदोनशेपट लागतात. विमानाच्या पंखाचा किंवा नदीचा विचार केला तर हा खर्च कोणत्या थराला जाईल ते दिसतेच आहे. म्हणून कारखान्यात अंदाजाचा नमुनाच चालतो आणि पुष्कळ दिवस चालणार आहे.

वाचकहो, धोका आहे तो इथे. यंत्र रंगीबेरंगी चित्र काढून देते. ते इतके देखणे असते, की ते चूक असेल अशी शंकाही येऊ नये. विद्यार्थ्याला ते पाच स्थिरांक वेदवाक्यासारखे वाटतात. त्यांतला एक ०.०९, तो आला कुठून, कोणत्या प्रयोगावरून बसवला, आणि प्रवाह भिंतीपासून सुटून मागे वळू लागला की तो नमुना कसा फसतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रेनल्ड्सच्या वर्गात मुलांना फळ्यावर चूक होताना दिसत होती. पडद्यावरच्या चित्रात चूक दिसत नाही. ती शोधावी लागते, आणि शोधायला आधी शंका यावी लागते.

ही काही पुस्तकी चिंता नव्हे. धरणाच्या सांडव्यावरून उतरणाऱ्या पाण्यात इतका जोर असतो, की ते पायथ्याचा खडक उखडून काढील. म्हणून इंजिनियर पायथ्याशी हौद बांधून तिथे मुद्दाम खळाळ घडवतात आणि पाण्याची ताकद भोवऱ्यांत जिरवतात. खळाळ इथे रखवालदाराचे काम करतो. पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सुरू केलेल्या कामातून वाढलेली जलसंशोधनाची मोठी संस्था आहे. तिथे अशा सांडव्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती करून पाहतात. प्रतिकृती किती लहान करावी याला मर्यादा आहे. फार लहान केली, तर तिच्यातला प्रवाह पुरेसा खळाळणार नाही आणि ती खोटी साक्ष देईल. खुद्द रेनल्ड्सनी १८८५ पासून मर्सी नदीच्या मुखाच्या प्रतिकृती केल्या, तेव्हा त्यांनाही याच प्रश्नाचा विचार करावा लागला. ज्या मुलाने ती संख्या नुसती पाठ केली आहे, त्याच्या हातून इथे चूक होईल. आणि तिची किंमत खालच्या अंगाच्या गावांना मोजावी लागेल.

तेव्हा या विषयाचा वर्ग कसा असावा? इतिहासाकडे पाहता मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विद्यार्थ्याने गणिताआधी पाणी पाहावे. काचेची नळी आणि रंगाची बाटली एवढ्यावर हे भागते. ज्या कॉलेजाला तेही जड वाटते त्याने विषय शिकवू नये. दुसरी, प्रत्येक सूत्राबरोबर त्याची जन्मकथा सांगावी: कोणी काढले, कोणत्या प्रयोगावरून, आणि ते कुठे लागू पडत नाही. तिसरी, जिथे उत्तर नाही तिथे तसे स्पष्ट सांगावे. २००० साली अमेरिकेतल्या क्ले संस्थेने नाव्हिए-स्टोक्स समीकरणांच्या एका मूलभूत प्रश्नाला दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. ते अद्याप कोणी जिंकलेले नाही. हे वर्गात सांगितल्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. उलट मागच्या बाकावरची एखादी मुलगी वही मिटून विचारते, की मग सर, त्या दोन आणि चार यांच्या हिशेबातला तो एक मोजायचा तरी कसा? तो प्रश्न विचारला गेला, की त्या तासाचे काम झाले.